अळ्यांची मापं

माझी वहिनी फुलपाखरू संवर्धन समितीची अध्यक्ष झाली आणि घरात कुणाला धड जेवायलाही सवड मिळेना. समितीची पहिली बैठक आमच्याच घरी ठरली. सोफ्याला नव्या खोळी आल्या, पत्रकं छापून आली. त्यातलं चौथं कलम ठळक अक्षरांत होतं: औषध फवारू नका.

बाबांचं या समितीशी काही देणंघेणं नव्हतं. चाळीस वर्षं शिंपीकाम करून डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं. आता ते गॅलरीत लिंबाच्या कुंडीपाशी स्टूल टाकून बसायचे. लिंबावर पाच हिरव्या अळ्या होत्या. रोज सकाळी बाबा भिंग लावून, टेप धरून त्यांची मापं घ्यायचे आणि गिऱ्हाइकांच्या जुन्या वहीत लिहायचे. परवा सगळ्यात थोरली दीड इंचाची भरली. आता एक-दोन दिवसांत ती कोशात जाईल, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

काल बाबा डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. वहिनीचं लक्ष कुंडीकडे गेलं. पानं कुरतडलेली, वर त्या लिबलिबीत अळ्या. समितीला हे दाखवायचं? तिने मला औषधाचा फवारा भरून द्यायला सांगितलं आणि मी तो निमूट भरून दिला. कशासाठी, ते मला चांगलं ठाऊक होतं.

बाबा परतले तेव्हा कुंडी स्वच्छ होती. ते वही कपाटात ठेवून झोपायला गेले.

आज बैठकीत वहिनी तासभर बोलली. फुलपाखरं नसतील तर परागीकरण कसं होणार, या वाक्याला तिने डोळ्यांना रुमालही लावला. तेवढ्यात गॅलरीत खरोखरच एक काळं-पिवळं फुलपाखरू आलं आणि लिंबाभोवती घिरट्या घालू लागलं. समितीने मोबाइल काढले. वहिनी अशी खुलली, जणू ते तिचं निमंत्रण मिळूनच आलं होतं.

बाबा उठले आणि टेप फडकावून त्याला हाकलू लागले.

"बाबा, अहो काय करताय? अंडी घालायला आलीय ती," वहिनी म्हणाली.

"म्हणूनच," बाबा म्हणाले. मग फुलपाखराकडे वळून, लेकीला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "इथे नको, बाई. इथे समिती राहते."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून चौथं कलम वाचत बसलो.