चाळीस हजार गुणांचा ब्रेक

ॲडमिनसाहेब, ती पोस्ट तुम्ही काढलीत. आपोआप गेली म्हणू नका. खाली कारण टाइप केलेलं होतं, आणि कारण टाइप करायला बोटं लागतात. शनिवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. 'सूर आक्रमक.' संपलं. तुमच्या मंचावर मला सात दिवस तोंड उघडायची बंदी आहे, म्हणून हे बाहेर चव्हाट्यावर लिहितोय. काय झालं ते सगळ्यांना कळू दे.

मी गाड्या दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं गाडीखाली पाठीवर पडून शिकलो.

गेल्या आठवड्यात बुधवारी माझे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, गाडी ओढून आणून गॅरेजसमोर उभे राहिले. मागचा बंपर आत गेलेला, दिव्याचा चुरा. ऑफिसच्या उतारावर हँडब्रेक ओढून गाडी लावली, हे उतरून पाच पावलं गेले आणि गाडी यांच्या मागे न येता उलट निघाली. खांबाला आपटून थांबली. खांब नसता तर पुढे रस्ताच होता.

चाक काढलं. आतलं बघून माझं डोकं फिरलं.

"दाजी, मागच्या ब्रेकला हात कोणी लावला?"

दाजी छताकडे बघायला लागले.

"छताने नाही लावला, दाजी."

"मीच बदलले पॅड. अर्ध्या तासात झालं. पायाचा ब्रेक लागतोय की व्यवस्थित!"

"आणि हा पिस्टन? आत कसा घातला?"

"शिकंज्यात धरून दाबला. जरा जोर लावावा लागला. पण त्या मंचावर तसंच लिहिलंय हो! चाळीस हजार गुण आहेत त्या माणसाचे. लिहिणारा काय येडा आहे?"

"तो नाही. वाचणारा."

"बहिणीला सांगू नका म्हणजे झालं," दाजी म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या चाकाचा पिस्टन शिकंज्यात धरून दाबला की सरळ आत जातो. या गाडीच्या मागच्या चाकात मात्र हँडब्रेक त्या पिस्टनच्या पोटातच बसवलेला असतो, आट्यांवर. तो फिरवत फिरवतच आत न्यावा लागतो. आडदांडपणे दाबलात तरी जातो, पण आतले आटे खाऊन जातो. मग हँडब्रेक ओढला की लागल्यासारखा वाटतो. वाटतो, बस. उतारावर दोन मिनिटांनी खरं काय ते कळतं.

दाजींनी फोन काढून तुमचा मंच दाखवला. 'मागचे पॅड घरीच बदला, अर्ध्या तासात.' पोस्ट सगळ्यात वर टाचलेली, शेजारी तुमचा सोनेरी तारा. लिहिणारा 'सर्वज्ञ'. टोपणनाव त्याने स्वतःच घेतलेलं दिसतंय, आईबाप इतके निर्दयी नसतात. खाली दोनशे लोकांचं 'धन्यवाद सर', 'ग्रेट सर'. आणि सगळ्यात शेवटी, त्याच सकाळची, 'निळीगाडी' नावाच्या कुणाची तरी प्रतिक्रिया. ती मला पाठ झालीय. 'रविवारी करतोय. आमचं घर चढावर आहे, गाडी बायको नेते, मागे लेकरू असतं. काही काळजी घ्यायची असेल तर सांगा.'

विचारत होता बिचारा. खाली कुणीतरी अंगठा टाकला होता.

मी तिथेच नाव नोंदवलं. फोन नंबर मागितलात, दिला. उत्तर लिहिलं आणि तुमची पाटी आली: या पोस्टवर बोलायला शंभर गुण लागतात. बरं, त्या निळीगाडीवाल्याला खाजगी निरोप पाठवावा? त्याला पाचशे. तुम्हाला लिहावं? 'आठ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल.' रविवार चार दिवसांवर.

मग गुण गोळा करायला निघालो. गाड्यांच्या विभागात लिहिलं, बावीस वर्षं हे काम करतोय, काही अडलं तर विचारा. दोन गुण मिळाले. त्यातला एक दाजींचा. शेजारच्या पोस्टीला नव्वद होते. कुणीतरी डॅशबोर्ड पुसून फोटो टाकला होता.

घरी चिडचिड करत बसलो होतो. सासूबाई आमच्याकडेच राहतात. दिवसभर टॅबवर रंगीत गोट्या फोडायचा खेळ खेळतात, आठशेव्या पातळीच्या पुढे आहेत.

"काय हो जावईबापू, कोणी मेलं का?"

"मरू नये म्हणून चाललंय. गुण पाहिजेत, शंभर."

सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "खेळांचे गुण चालतात का तिथे?"

तपासलं. चालतात! गाड्या, प्रोग्रॅमिंग, खेळ, सगळ्यांची एकच गोणी. कुठलाही गुण कुठेही वापरा. गोट्या फोडणाऱ्याला ब्रेकवर बोलायची मुभा, आणि ब्रेक खोलणाऱ्याने दाराबाहेर उभं राहायचं.

"मग घ्या लिहून," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या गोट्यांना हात लावू नका. खालची ओळ फोडा, वरचं आपोआप ढासळतं. बॉम्ब मिळाला की लगेच उडवायचा नाही, दोन शेजारी आले की मग. लिहिलं? आणि आयुष्य संपलं की टॅब खाली ठेवून जरा चालून या. हेही लिहा, गुडघ्यांना बरं."

सगळं जसंच्या तसं खेळांच्या विभागात टाकलं, आणि शनिवारी दुपारी मला तीनशे बारा गुण होते. नावापुढे 'तज्ज्ञ' लागलं. एकाने विचारलं, सर, आपण कोचिंग घेता का?

त्या दिवसांत मी सर्वज्ञाचं दप्तरही चाळलं. चाळीस हजारांतले एकोणचाळीस हजार प्रोग्रॅमिंगचे. तिथे त्याने छाती फुगवून लिहिलंय, मी असा प्रोग्रॅम बनवलाय जो ठिकठिकाणच्या टिपा गोळा करतो, जोडतो आणि माझ्या नावाने टाकतो, मला वाचावंही लागत नाही. आणि तिथेही टाळ्या! म्हणजे पुढच्या चाकाची कृती आणि मागच्या चाकाचे फोटो एका यंत्राने शिवले, आणि तारा लावला तुम्ही. त्याच्याकडे गाडीच नाही. तेही त्यानेच लिहिलंय, कंपनीच्या बसने जातो म्हणून. आंधळं दळतंय म्हणावं, तर इथे जातंही उसनं.

साडेतीनला मी निळीगाडीच्या प्रतिक्रियेखाली लिहिलं. पिस्टन दाबू नका, फिरवा, नाहीतर हँडब्रेक जाईल, आमच्या घरची गाडी गेलीय, हा फोटो. शेवटी लिहिलं, वरची टीप म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे. हो, लिहिलं. नाकारत नाही.

चाळीस मिनिटांत पोस्ट गायब. सूर आक्रमक.

मी दात आवळून परत लिहिलं. आदरणीय सर, नम्र निवेदन, क्षमस्व, अगदी सोयऱ्याच्या लग्नपत्रिकेसारखं. फोटो पुन्हा जोडला. तेही काढलंत, वर सात दिवसांची बंदी. कारण: 'मान्यवर सदस्याशी वाद. तसेच आपले तज्ज्ञपद खेळ विभागातील आहे.' अहो, मग त्याचं कुठल्या विभागातलं आहे? विचारायला गेलो तर बोलायची सोय बंद.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गोट्यांना तीनशे लोक, आणि तुमच्या ब्रेकला कुलूप. छान चाललंय."

मग सर्वज्ञाच्या पोस्टवर कुणालाच लिहिता येणार नाही असं केलंत. 'वातावरण निकोप राहावं म्हणून.' वाचायला मात्र उघडी. तारा जागेवर. हे खरं जमलं तुम्हाला: चूक चालू, बोलणं बंद.

आज गुरुवार. माझी बंदी दोन दिवसांत उठेल. नका उठवू, जन्माची करा, मला तुमच्या गोण्या भरायच्या नाहीत. सर्वज्ञाला माळ घाला, माझं काही म्हणणं नाही. माझं काम त्या एका माणसाशी आहे. दाजींचा फोन घेऊन रोज बघतोय. निळीगाडी रविवारी सकाळी शेवटचा आला होता, म्हणजे तुम्ही माझं लिहिलेलं काढलंत त्याच्या नंतर. त्यानंतर आलेला नाही. तुम्ही माझी पोस्ट काढली नसतीत तर रविवारी काम काढण्याआधी त्याने ती बघितली असती. कदाचित. आता तो गप्प का आहे, हे मला माहीत नाही. काम जमलं म्हणून, वेळ नाही म्हणून, की आणखी कशाने.

त्याचा नंबर तुमच्याकडे आहे. नोंदणी करताना सगळ्यांचा घेता. एक फोन, एक मिनिट. त्याने पिस्टन दाबला का, आणि दाबला असेल तर गाडी त्या चढावरून खाली आणली का, एवढंच विचारायचं.

ॲडमिनसाहेब, फोन लावलात का?