साध्या गरिबीला

दारातल्या मुलीने नाव विचारलं तेव्हा हौसेरावांनी स्वतःचं न सांगता लेकीचं सांगितलं. अक्षता, इंजिनिअरिंगला लागलीय. मुलीने त्यांच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची दाखवली.

खरं तर त्यांनी यायचंच नव्हतं. वाशीचा हॉल लहान आहे, एकाच पालकाला बोलावलंय, मम्मी येईल, असं अक्षताने आधीच सांगून ठेवलं होतं. हौसेराव महापेला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला होते. दुपारी जोडीदारच म्हणाला, पोरीचं कौतुक काय रोज होतं का, जावा तुम्ही, मी बघतो गेट. मग त्यांनी ड्युटीचे कपडे बदलले आणि बस धरली. कार्यक्रम लेकीच्या फीला मदत करणाऱ्या ट्रस्टचा होता; त्या मदतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कचेरीच्या रांगेत तेच उभे राहिले होते. मुलाखतीला लेक आणि तिची आई सुचित्रा अशा दोघी जाऊन आल्या आणि आठवड्याभरात ट्रस्टचा होकार आला. त्या दिवशी हौसेरावांनी गेटवर सगळ्यांना पेढे वाटले होते.

स्टेजवर अक्षताचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली. आधी अडखळली, मग सावरून बोलू लागली. घरात दारू होती, म्हणाली. रात्री दाराची कडी वाजली की आई लेकराला धान्याच्या पिंपात लपवायची आणि पिंपाला पाठ लावून बसायची. आत श्वास रोखून धरायचा. कोंड्याने नाक हुळहुळायचं, पण शिंकायची सोय नसायची.

हौसेराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे भरून आले. पिंप नव्हे, कणगी होती ती, साताऱ्याकडच्या त्यांच्या घरातली. आत बसायचे ते स्वतः, आणि दारात झिंगत उभा असायचा त्यांचा बाप. त्या कणगीत बसूनच त्यांनी ठरवलं होतं की थेंबाला शिवायचं नाही, आणि आजवर शिवले नव्हते. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी धड सांगितली नव्हती. लेकीने एकदा विचारलं होतं, पप्पा, तुम्ही मित्रांच्या पार्टीला का जात नाही; तेव्हा तिला जवळ बसवून सगळं सांगितलं होतं. पोरीने ते इतकं जपून ठेवलं, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

"आजही माझे पप्पा तसेच आहेत," अक्षता म्हणाली. "पगार होतो, पण घरापर्यंत येत नाही. मी शिकतेय ती फक्त आईमुळे."

हॉल टाळ्यांनी भरून गेला. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, असले बाप असण्यापेक्षा नसलेले बरे. हौसेरावांनी मान हलवली. नाही कसं म्हणणार? पलीकडे दोन रांगा पुढे सुचित्रा पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसली होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

ते तेव्हाच उठून गेले असते, पण चहाची गर्दी दाराशीच झाली होती. त्या गर्दीत अक्षता समोर आली आणि जागच्या जागी थबकली. बरोबर ट्रस्टच्या अस्मिताताई होत्या. त्यांनी हसून विचारलं, हे कोण?

अक्षताने गर्दीत आईला शोधलं. "मामा," ती म्हणाली. "मामा आहेत माझे."

अस्मिताताईंनी हौसेरावांकडे पाहिलं.

"व्हय," हौसेराव म्हणाले. "मामा."

मामांसारखी माणसं आहेत म्हणून अशी मुलं तरतात, असं ताई म्हणाल्या आणि त्यांनी मामांना आग्रहाने फोटोत उभं केलं.

घरी आल्यावर सुचित्राने न विचारताच सांगायला सुरुवात केली. कॉलेज हातचं जात होतं. कर्ज काढायचं तर तारण कुठलं? हौसेरावांनी तिला हातानेच थांबवलं आणि लेकीकडे बघितलं.

"मागच्या वर्षी उन्नतीने मुलाखतीत सगळं खरं सांगितलं," अक्षता रडत म्हणाली. उन्नती म्हणजे तिची खालच्या मजल्यावरची मैत्रीण. "तिला म्हणाले, वडील कमावतात, आई कमावते, बघा जमवून. साध्या गरिबीला कोण देतं, पप्पा?"

हौसेराव म्हणाले, "नाव घालवलंस त्याचं एवढं न्हाई. माझं नाव हाय कुणाला ठावं? पर ती कणगी मी तुला एकलीला सांगितली व्हती."

मदत परत करा, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. कॉलेज सुरू झालं, तसा लेकीचा बसचा पास त्यांनीच काढून आणला. पोरगी पहिल्या परीक्षेत चांगली पास झाली तेव्हा तिच्या हातावर साखरही ठेवली. फक्त गावाकडचं बोलणं बंद झालं. ती जवळ येऊन बसली की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

दिवाळीनंतर ट्रस्टचा फोन आला. मुलांची घरं बघायला, आईशी बोलायला अस्मिताताई रविवारी येणार होत्या. रविवारी हौसेरावांना सुट्टी असायची. सुचित्रा सकाळपासून घर आवरत होती, पण त्यांनी काय करायचं ते तिच्याने विचारवेना. ते आपणहून उठले. खुंटीवरचा गणवेश काढून त्याची घडी घातली, दारातले ड्युटीचे बूट, दाढीचं सामान, दारुड्याच्या घरात न शोभणारं सगळं एका पिशवीत भरलं. अक्षता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "पप्पा, राहू दे ना," ती पुटपुटली. त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि चपला घातल्या.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात अस्मिताताई समोरून वर येताना भेटल्या. त्यांनी लगेच ओळखलं.

"अरे, मामा! तुम्हीही इथेच राहता का?"

"न्हाई," हौसेराव म्हणाले. "भाचीला भेटाया आलतो."

जिना अरुंद होता. ताईंना वर जाता यावं म्हणून पिशवी छातीशी धरून ते भिंतीला चिकटून उभे राहिले.