जोथम प्रुएट यांचे एकमेव भाषण

"जोथमकाका, ते काम ठेवा बाजूला नि चला. नऊ डोकी भरल्याशिवाय ठरावच मांडता येत नाही," वॉरन स्टाइल्स दारातूनच म्हणाला.

पुस्तकाच्या पाठीला सरस लावणारा जोथमचा हात थांबला नाही. "आणि मी आलोच नाही तर?"

"तर पुढच्या शनिवारी हेच रडगाणं. मंडळ बंद करायला चार, ठेवायला चार. मी ठेवणाऱ्यांतला. तुमच्या एका मतावर आहे सगळं."

ओहायोतल्या त्या लहानशा कॉलेजच्या अरेटियन वादविवाद मंडळाचा जोथम हा मानद सभासद. बावीस वर्षांपूर्वी छप्पर गळून मंडळाची तीनशे पुस्तके भिजली, ती त्याने एकेक पान वाळवून पुन्हा बांधली, म्हणून पोरांनी त्याला निवडून घेतले. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी तो शेवटच्या खुर्चीत बसे. तोंड मात्र कधी उघडले नव्हते. कॉलेज शिकलेल्या पोरांपुढे आपण काय बोलायचे, असे त्याला वाटे.

आज तो बोलणार होता. वाटेत त्याने मनाशी चार वाक्ये जुळवली. चारही मंडळ राखण्याच्या बाजूची.

ठराव वाचला गेला: मंडळ विसर्जित करून त्याचे ग्रंथालय कॉलेजच्या स्वाधीन करावे. "कोण बोलणार?" अध्यक्षाच्या खुर्चीतून वॉरनने विचारले. शनिवारची सकाळ चेंडूफळीला मोकळी मिळावी म्हणून मंडळ बंद व्हावे असे वाटणारा एबर मॅकी उठला. मागून जोथमही उठला. सगळ्या माना वळल्या.

रिवाजाप्रमाणे टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या. ज्याला जी बाजू येईल, ती त्याने मांडायची. जोथमने आपली चिठ्ठी उलगडली. 'अनुकूल.' मंडळ बंद करावे.

वॉरन खाली वाकून कुजबुजला, "काका, टाका परत. मी पाहिलंच नाही असं समजा."

"बावीस वर्षांत इथं कुणी चिठ्ठी परत टाकलेली मी पाहिली नाही," जोथम म्हणाला आणि पुढे गेला.

जुळवलेली चारही वाक्ये निरुपयोगी झाली होती. उजवा हात कोटाच्या खिशात गेला. तिथे घड्या दाबायची हाडाची पट्टी होती. ती त्याने घट्ट धरली.

"सन्माननीय सभासदहो, मला भाषण येत नाही. पुस्तकांचं येतं. वाचलेलं पुस्तक बिजागरीशी, पुठ्ठा पाठीला मिळतो तिथं, फाटतं. पूर्वी तुमची वर्षाला साठ-सत्तर पुस्तकं माझ्याकडे फाटून यायची. गेल्या सहा वर्षांत आली अकरा. त्यांतली नऊ उंदरांनी पाठवली."

पोरे हसली. जोथमचा आवाज चढला.

"हसा, पण कपाट बघा. ही खोली आठवड्यातून एक तास उघडते. कॉलेजचं ग्रंथालय रोज सहा तास. तिथं मुलीही येतात, इथं त्यांना दारातूनच परत जावं लागतं. परवा मी तिथलं एक वनस्पतींचं पुस्तक बांधलं. पाठ पार निखळली होती, पानांत चिखलाची बोटं होती. असं पुस्तक हातात आलं की बरं वाटतं. मी पुस्तक बांधतो ते कुणीतरी उघडावं म्हणून. तुमची मी सहा वर्षांपूर्वी बांधलेली पुस्तकं अजून नवीच्या नवी आहेत. यापरतं मला काही सांगायचं नाही."

मॅकीच्या वाट्याला मंडळ राखण्याची बाजू आली होती. संस्थापकांची नावे घेत तो तीन मिनिटे बोलला, मग म्हणाला, "उंदरांवर माझ्याकडे उत्तर नाही," आणि बसला.

मते घेतली. ठरावाच्या बाजूने आठ हात वर गेले. शेवटचा, जड झाल्यासारखा, वॉरनचा.

"विरुद्ध?"

शेवटच्या खुर्चीतून जोथमचा डावा हात वर आला.

चिटणिसाने आकडा लिहिला. दर सभेच्या शेवटी टीकाकाराने वक्त्यांचे दोष वाचून दाखवायचे, असा नियम होता. टीकाकार कॉब चष्मा सावरत उभा राहिला.

"सन्माननीय सभासद प्रुएट. मुद्दे स्पष्ट, पुरावा स्वतःचा. दोष एकच. वक्त्याचा उजवा हात सबंध वेळ खिशात होता. पुढच्या वेळी..." तो थांबला. "दोष एकच," असे पुन्हा म्हणून त्याने कागद मिटला.

"मान्य," जोथम म्हणाला आणि हात बाहेर काढला. तळव्यावर पट्टीचा लांब, सरळ वळ उमटला होता.