फुंकरमहाराजांचा पेला

गर्दी एवढी की शिंकला एक आणि नाक पुसलं तिसऱ्याने. आमच्या वाफेवरच्या लॉन्ड्रीतले झाडून सगळे पुरुष ओले कपडे तसेच टाकून अंगणात रांगेला लागले होते. पुढे खुर्चीवर फुंकरमहाराज.

महाराजांचं शास्त्र सोपं. पेल्यात नितळ पाणी, पाण्यात नळी. भक्ताने फुंकायचं. पाणी पांढरं झालं की महाराज डोळे मिटून म्हणत, "निघाला. रोग बाहेर निघाला. थांबू नकोस, मंत्र संपेपर्यंत फुंक." मंत्र मालगाडीएवढा. भक्ताचे डोळे बाहेर यायला लागत आणि पाणी हळूहळू पुन्हा नितळ होई. "जळाला. आता डॉक्टरकडे फिरकू नकोस. डॉक्टरच्या सावलीने रोग परत उगवतो."

हे शेवटचं वाक्य आमच्या मर्दांना भलतंच आवडलं. सुईला घाबरतो म्हणण्यापेक्षा महाराजांची आज्ञा आहे म्हटलेलं बरं दिसतं.

महाराजांची जादा कफनी इस्त्रीला माझ्याकडे असायची. तिचा मळ बघून माझी भक्ती काही वाढली नव्हती.

आमचा बॉयलरवाला मात्र भारावला होता. त्याचे वडील त्याच्याच वयाचे असताना जेवता जेवता कोसळले होते, म्हणून वहिनींनी त्या संध्याकाळी त्याच्या तपासणीची वेळ घेतली होती. वहिनी म्हणजे त्याची बायको, शाळेत विज्ञान शिकवतात. त्या न्यायला आल्या तेव्हा हा नुकताच फुंकून लालबुंद झाला होता.

"रोग जळाला," तो म्हणाला. "आता तपासणी कशाला?"

महाराजांपुढे मांडलेल्या पेल्यांतला एक वहिनींनी उचलला आणि फुंकलं. पाणी पांढरं.

"बाई, तुम्हालाही आहे," महाराज हळहळले.

"असेल. आता तुम्ही फुंका."

"आम्ही निरोगी. आम्हाला गरज नाही."

"मग पाणी नितळच राहील की."

"महाराज," मी मागून म्हणालो, "कफनी परत हवी असेल तर फुंका."

रांग हसायला लागली. महाराजांनी चोरटी फुंकर मारली. नव्या गवळ्याचं पहिल्या दिवशीचं दूध असावं इतकं पाणी पांढरं झालं.

"ही चुन्याची निवळी," वहिनी म्हणाल्या. "माझी सातवीतली मुलं करतात हा प्रयोग. प्रत्येकाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने ती पांढरी होते. फुंकतच राहिलं की पांढरेपणा पुन्हा विरघळतो. यातून तुमचा श्वास चालू आहे एवढंच कळतं."

"तेही बरंच झालं," मी म्हणालो. "काहींबद्दल मला शंका होती."

महाराज असे सटकले की चपला त्यांच्या मागून धावत गेल्या.

बॉयलरवाला तरी हटून बसला. "पण मला कुठे काय दुखतंय?"

वहिनींनी उघड्या दारातून बॉयलरच्या काट्याकडे बोट दाखवलं. "त्याला दुखतं? तरी दिवसभर काटा बघतोसच ना?"

"बघावाच लागतो. दाब चढला तर फुटेल तो."

एवढं बोलून त्याने पुन्हा एकदा काट्याकडे बघितलं. मग हात पुसले आणि निघाला.

सोबतीला म्हणून मीही गेलो. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजला. जरा बसवून पुन्हा मोजला. "आज आलात ते बरं केलंत. दाब चढलाय. तो असाच राहिला असता तर पुढच्या वेळी तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं." गोळ्या सुरू झाल्या. वहिनींनी घरी जाईपर्यंत त्याचं मनगट सोडलं नाही.

मलाही सोडलं नाही डॉक्टरांनी. हृदय ठीक निघालं, जिभेला विश्रांती सांगितली आहे. ते औषध मी घेत नाही.

तर पुरुषहो, रक्तदाब आणि साखर वाढल्याची वर्दी शरीर दर वेळी देतंच असं नाही. काही दुखत नसताना जा, आणि ठरलेल्या वेळी पुन्हा जा. पट्टा दंडाला आवळतात, पुरुषार्थाला नाही. आणि फुंकायची हौसच असेल, तर चहावर फुंका.