सदर पत्त्यावर राहत नाही

पॅडला दोऱ्याने बांधलेलं निळं पेन... दोरा इतका आखूड की सही करायला वाकावं लागे, आणि वरचा कागद उलटायला जावं तर पेन हातातून निसटे. मागून, इराच्या लेकीला, अबोलीला, मांडीवर घेऊन वरणभात भरवणाऱ्या गवराबाईंचा आवाज : "आधी वाच की गं पोरी. सही म्हंजी शब्द देनं हाय."

इरा हसली होती. एम.कॉम. झालेल्या बाईला अंगठा उठवणारी बाई सांगतेय, वाच! "मतदारयादीतली दुबार नावं काढायचीत मावशी, सोसायटीचं काम आहे," म्हणत तिने सात-आठ सह्या ठोकल्या, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, कारण दारात सेक्रेटरी सलिल घड्याळाकडे बघत उभे होते, कारण... कारण काहीच नव्हतं.

आणि आज, मतदानाच्या दिवशी, शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात तिला तेच पेन दिसत होतं. टेबलामागच्या कार्यकर्त्याने तीनदा यादी चाळली. मग आवाज उतरवून म्हणाला, "आजींचं नाव वगळलंय, ताई." आणि वगळलेल्या नावांचा दुसरा एक कागद हळूच तिच्याकडे फिरवला. गवराबाई सोनबा. कारण : सदर पत्त्यावर राहत नाही. पुढच्या रकान्यात, हरकत घेणाऱ्याचं नाव — तिचं. इरा. पूर्ण नाव, फ्लॅट नंबरसकट.

"काय लिवलंय?" गवराबाईंनी विचारलं. कडेवर अबोली, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. "वाच की."

"चूक झालीय त्यांची," इरा म्हणाली.

त्यांची!

चिंचमळा वॉर्ड आता कुठल्याच कागदावर नाही. चौकात गंजलेली निळी पाटी तेवढी आहे, तिच्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात डकवलीय. पण इराला तो वॉर्ड पाठ आहे, गवराबाई अबोलीला निजवताना अंगाईसारखा तोच सांगतात म्हणून. मोशी पालिकेत गेली तेव्हाचं पहिलं मतदान — उद्धवराव अकरा मतांनी नगरसेवक म्हणून निवडून आले, आणि वस्तीतली प्रत्येक चूल आजही म्हणते, त्या अकरातली आमची होती. "आमची तर व्हतीच," गवराबाई म्हणतात, "मालकाला ताप व्हता, तरी नेला झोळी करून." नळाला पाणी आलं नाही की बायका उद्धवरावांच्या ओट्यावर रिकामे हंडे आपटायच्या. पुढच्या खेपेला जागा बायकांना सुटली. त्यांची बायको अनिता उभी राहिली, पोस्टरवर तिच्या दुप्पट उद्धवरावांचं तोंड. "समद्यांनी हसून घेतलं. पन दुसऱ्या वर्सापासनं अनिता न वाचता कुटं सही करंना. नवऱ्यानं म्होरं केलेला कागुदबी वाचायची." तिथून आलं होतं ते 'आधी वाच की'... माझ्या दारात, वरणभाताच्या घासाबरोबर. आणि मी, म्हणजे इराच, हसले.

मग वॉर्ड दुसऱ्या वॉर्डाला जोडला, मग प्रभाग झाला चार जणांचा, रेघ रस्त्याच्या मधून गेली, अर्धी वस्ती इकडे, अर्धी तिकडे. मग काही वर्षं मतदानच नाही. "आता चार-चार नगरशेवक, अन् हंडा कुनाच्या ओट्यावर आपटायचा?" तरी त्या वाट बघत होत्या. महिनाभर रोज विचारत होत्या, तारीख लागली का.

"तू तरी टाकून ये," फाटकाशी गवराबाई म्हणाल्या. "लेकरू धरते मी."

आणि ती गेली. हेच तिला आता सोसवत नाही — ती गेली. रांगेत उभी राहिली, बोट पुढे केलं, एकामागून एक चार बटणं दाबली, आणि तेवढा वेळ जिचं मत तिने खोडलं होतं ती बाई तिच्या मुलीचं नाक पुसत उन्हात उभी होती.

घरी येऊन तिने आतल्या खोलीचं दार लोटून सलिलना फोन लावला.

"अहो, नियमातच आहे ते. त्या पत्त्यावर त्या राहत नाहीत ना?"

"नाही राहत. कारण त्यांच्या घराच्या जागेवर तुमची गाडी उभी असते."

"मॅडम, जागा बिल्डरने रीतसर घेतलीय. आणि सही तुमची आहे, माझी नाही."

खरं होतं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, पन्नास पावलांवर, पत्र्याच्या दोन खोल्यांत गवराबाई राहतात. रोज सकाळी आमच्याच गेटवर वहीत अंगठा उठवून आत येतात. घर हललं पन्नास पावलं, आणि यादीतून माणूस गेलं. मुलीच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख मी तीन वेळा वाचते, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचते, पाळणाघरं नाकारून ही बाई निवडली तेव्हा तिचं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं होतं... आणि तिच्याविरुद्धचा कागद तेवढा वाचला नाही. राग सलिलचा येतोय, रेघा मारणाऱ्यांचा येतोय, पण तो तिकडे जाऊन टिकत नाही, फिरून या बोटापाशी येतो.

अबोली ते शाईचं बोट तोंडात घालायला बघत होती. इराने हात झटकन मागे घेतला.

"माजं घे," गवराबाई म्हणाल्या आणि आपलं बोट तिच्यापुढे धरलं. "माजं कोरंच हाय. काय व्हत न्हाई." जाताना दारात थांबल्या. "चूक हाय म्हनतीस, तर दुरुस्त व्हईल न्हवं? तुला वाचता येतं. तू बघ."

मी मान हलवली. अर्ज भरता येईल, आजच भरेन; पण त्याआधी एक वाक्य आहे, ते तोंडातून निघत नाही. मी भित्री आहे, मला माहीत आहे. उद्या त्या आल्या नाहीत तर अबोलीला कोण सांभाळणार, हा विचार मला आत्ताही आधी सुचतो.

म्हणून तुम्हाला सांगते. मोशीत कधी आलात तर गंजक्या निळ्या पाटीवरून आत वळा, भिंतीपलीकडे जा, गवराबाईंना विचारा : बऱ्या आहात ना? आणि विचारा, त्या कागदावर काय लिहिलं होतं ते इराने सांगितलं का. नाही म्हणाल्या, तर माझी वाट बघू नका. तुम्ही वाचून दाखवा.