नववा भाग, दोन्ही बाजूंनी

मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करण्यात सासऱ्यांची उभी हयात गेली होती. यंत्राच्या खोक्यात येणारा सूचनांचा कागद हा ज्यांची अक्कल तोकडी त्यांच्यासाठी असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ते तो कागद चुरगळून फेकत आणि सरळ स्क्रू ड्रायव्हर उचलत. "यांनी कधी डॉक्टरची सूचना ऐकली नाही, तिथे कागदाची काय कथा!" असं सासूबाई म्हणत.

घरात नवी सून आली, आणि या उस्ताद माणसाचं गाडं अडलं. पोरगी गुणाची होती, पण बोलायची मोजकं. "हो बाबा", "नको बाबा" आणि फार झालं तर "ठेवते बाबा". सासऱ्यांना माणसांशी गप्पा छाटल्याशिवाय अन्न पचत नसे. या मुलीला एकदा तरी खदखदून हसताना ऐकायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

शेवटी त्यांनी मुलालाच विचारलं.

"तिची पुस्तकं वाचा," मुलगा म्हणाला. "कपाटात जपानी चित्रकथांची मालिका आहे, मांगा म्हणतात त्याला. फक्त नवव्या भागाचं नाव काढू नका. ती आणि तिचे वडील मिळून वाचायचे. नववा अर्धा झाला आणि ते गेले. तेव्हापासून तिनं पुढचं पान उलटलेलं नाही."

सासऱ्यांनी पहिला भाग घराखालच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. उघडल्या उघडल्या पानभर मोठ्या अक्षरांत काहीतरी सूचना छापलेली दिसली. त्यांनी ती नेहमीच्या सवयीनं न वाचताच उलटली आणि कामाला लागले.

गोष्ट होडी वल्हवणाऱ्या एका मुलीची आणि तिला शर्यतीसाठी तयार करणाऱ्या एका खडूस म्हाताऱ्याची होती. मजेशीर मामला होता. माणसं आधी उत्तर देत आणि मग समोरचा प्रश्न विचारी. आपल्या घरात तरी वेगळं काय चालतं, म्हणून सासऱ्यांना ते खटकलं नाही. मुलगी आधी शर्यत जिंके, मग घाम गाळून सराव करी, आणि शेवटी तिला वल्हंसुद्धा धरता येत नसे. "काय नम्र पोरगी आहे! जिंकल्यावरही शिकायचं सोडत नाही," असं ते पंख्याचं पातं पुसता पुसता गिऱ्हाइकाला सांगत. एकामागून एक आठ भाग त्यांनी फस्त केले.

राहिला नववा. आता सूचना पाळतील तर ते सासरे कसले!

नवव्या भागाच्या सुरुवातीलाच सगळे काळ्या कपड्यांत रडत होते. सासरे भराभर पानं उलटू लागले. पण पाच-सहा पानांतच म्हातारा अंथरुणात दिसला, डोळे उघडे. मग उठून बसला. मग सायकलवर बसून, तोंडाला भोंगा लावून नदीकाठानं पोरीवर ओरडत सुटला. सासऱ्यांनी इस्त्री तशीच टाकली आणि दोन-दोन पायऱ्या चढत घर गाठलं.

"सूनबाई! म्हातारा उठला!"

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं त्यांच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"वाचला तो?" तिनं अगदी हळू विचारलं. "आम्ही वाचत होतो तेव्हा तो नुकताच कोसळला होता."

"वाचला म्हणजे? ठणठणीत! सायकल चालवतोय, शिव्या घालतोय!"

सुनेचा चेहरा असा उजळला, की सासऱ्यांना आजवर दुरुस्त केलेली सगळी यंत्रं त्यापुढे फिकी वाटली. तिनं पुस्तक घेतलं, जमिनीवर बसकण मारली आणि ते उघडलं. मागून उघडलं.

"अगं, तिकडून कुठे? सुरुवात इकडे आहे."

"नाही बाबा, ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. तुमच्या बाजूला पहिल्याच पानावर सूचना असते ना."

सासरे मटकन खाली बसले. काळे कपडे सुरुवातीला नव्हते, शेवटी होते. म्हातारा उठला नव्हता. आपण या पोरीला काय सांगून बसलो! "राहू दे ते," ते पुटपुटले, "वाचू नकोस." पण ती वाचत राहिली. पानं उलटत गेली तसे तिचे डोळे भरून आले, आणि शेवटच्या पानावर ती ओंजळीत तोंड घालून रडली. सासऱ्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"चुकलं माझं, बाळा. मला वाटलं..."

तिनं डोळे पुसले. "बाबा, तुम्ही सगळे भाग असेच वाचलेत?"

"सगळे."

"म्हणजे ती आधी शर्यत जिंकते आणि मग वल्हं धरायला शिकते?"

"मला ती फार नम्र वाटली."

आणि ती हसली. नाक लाल, गाल ओले, आणि हसणं असं, की सासूबाई लाटणं हातात घेऊन बघायला आल्या. हसू ओसरल्यावर ती सासऱ्यांना चिकटून बसली आणि तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"मला तुमच्या बाजूनं वाचून दाखवा."

सासऱ्यांनी घसा खाकरला. रडणारी माणसं मागे गेली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, उठून बसला, सायकलवर टांग मारली. भोंग्याची वाक्यं सासऱ्यांनी खऱ्याखुऱ्या आवाजात ओरडून म्हटली. "माझे बाबापण अस्सेच ओरडायचे," सून म्हणाली. मग ते कसे ओरडायचे, कशावर चिडायचे, हे ती सांगत सुटली. सासरे कधी नव्हे ते गप्प बसून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं दहावा भाग दुकानात आणला आणि दुरुस्तीच्या टेबलावर मधोमध ठेवला.

"आता कुठल्या बाजूनं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही तिकडून या, मी इकडून येते," सून स्टूल ओढत म्हणाली. "मध्ये भेटू."