माल्सुनबाईंची सहल

“उतर ना आई. पाय मोकळे कर जरा.”

“नाही उतरत. तुला काय बघायचंय ते बघून ये. मी इथंच बरी.”

दोंगील गाडीचं दार उघडून उभा होता. पाइनच्या दाट रानात, रस्ता जिथं संपत होता तिथं, एक पांढरी दुमजली इमारत होती. सगळ्या खिडक्यांना एकसारखे पडदे. बाहेर बाकावर दोन म्हातारे उन्हाला बसलेले. माल्सुनबाईंनी पर्स छातीशी धरली आणि सीटबेल्टला हातसुद्धा लावला नाही.

“अगं, मुक्कामाची खोली घेतलीय इथं. वनखात्याचं विश्रामगृह आहे.”

“पाटी वाच. मोठ्यानं.”

त्यानं वाचली. मग त्यांनी चष्मा चढवून स्वतः वाचली, आणि तेव्हा कुठं उतरल्या.

संशयाला कारण होतं. कुर्योंगपोच्या बंदरावर मासे वाळवण्यात माल्सुनबाईंचा जन्म गेला. मुलगा दूर राजधानीत, सोलला, ऑफिसात. सणाला यायचा, जेवायचा आणि घड्याळाकडे बघत परत निघायचा. तोच मुलगा परवा, ऐन कामाच्या दिवशी, दारात येऊन म्हणाला, “आई, चल. सात नंबरच्या रस्त्यानं वर जाऊ. समुद्र बघू, रान बघू.”

“समुद्र काय बघायचा? दार उघडलं की समोर आहे.”

शेजारीण, चिलगोक गावची म्हणून सगळे तिला चिलगोकवाली म्हणायचे, कुंपणावरून ऐकत होती. दोंगील आत गेल्याबरोबर ती कुजबुजली, “माझ्या मावसबहिणीला असंच नेलं गं तिच्या पोरानं. फोटो काढले, खेकडे खाऊ घातले आणि वृद्धाश्रमाच्या दारात उतरवलं. खेकडे मागवले की समजून जा.”

पहिल्याच दुपारी, योंगदोकला, दोंगीलनं खेकडे मागवले. नांग्या फोडून, आतलं पांढरं मांस सोलून तो आईच्या वाटीत टाकत राहिला. माल्सुनबाईंनी वाटी बाजूला सारली.

“खा ना. आवडतात ना तुला?”

“तुला कुणी सांगितलं?”

आणखीही गोष्टी होत्या. फोन आला की तो लांब जाऊन बोलायचा. सुनेचा, नात यूनाच्या आईचा, तर एकदाही फोन नाही.

“यूनाची आई कशी आहे?”

“बरी आहे. कामात असते.”

“तिला ठाऊक आहे ना, मला कुठं नेतोयस ते?”

“कुठं म्हणजे? फिरायला!” एवढं बोलून तो समोर बघायचा. उजव्या हाताला समुद्र इतका निळा की डोळे दुखावेत. पण दोघांपैकी कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

आणि डिकी. आईची पिशवी तो स्वतः ठेवायचा, डिकी वीतभर उघडून, झटकन. माल्सुनबाईंची खात्रीच झाली की आपली हिवाळ्याची रजई, लोकरीचे कपडे, सगळं त्यानं कपाटातून काढून आत भरलंय. विश्रामगृहातून चिलगोकवालीला फोन करून त्यांनी बजावलं, “उद्या माझा फोन आला नाही, तर माझ्या धाकट्या लेकीला कळव.”

दुसऱ्या दिवशी सामचोकच्या पुढं, एका कड्यावर, दोंगीलनं गाडी थांबवली आणि तो कॉफी आणायला गेला. किल्ली तशीच राहिली. माल्सुनबाई उतरल्या आणि त्यांनी डिकी सताड उघडली.

आत रजई होती, पण त्यांची नव्हती. शेजारी भाताचा कुकर. इस्त्री. प्लास्टिकच्या आवरणात काळा सूट. मगात दाढीचा ब्रश. आणि एक उशी, मधोमध डोक्याचा खळगा पडलेली. माल्सुनबाईंनी खळग्यावर हात ठेवला. मुलगा कुठं झोपतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज उरली नाही.

“आई! काय शोधतेयस?”

दोन्ही हातांत पेले घेऊन तो उभा होता.

“स्वेटर,” त्या म्हणाल्या. “गार वाटतंय.”

“आई, नोकरी गेली माझी. यूनाची आई आणि मी… वेगळे झालो. वसंतातच. तुला सांगायचं म्हणूनच निघालो होतो. रोज वाटायचं, आज सांगू. तोंडच उघडेना.”

“मला वाटलं, मला टाकायला नेतोयस.”

“कुठं?”

“त्या पांढऱ्या घरात.”

दोंगील हसला. बराच वेळ हसला, मग त्यानं समुद्राकडे तोंड फिरवलं. त्याच्या हातातली कॉफी सांडत होती. माल्सुनबाईंनी दोन्ही पेले काढून घेतले.

“पोरगी?”

“आईजवळ असते. रविवारी भेटते मला.”

“पुढची खोली रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “जाळी भरलीयत तिच्यात. माझ्यानं हलत नाहीत.”

“लोक विचारतील, आई.”

“विचारू देत. सांगेन, मासे उलटायला गडी ठेवलाय.”

“गडी म्हटलं की पगार आला.”

“दोन वेळचं जेवण. आणि जास्त बोललास तर तेही नाही.”

पुढं जायचं होतं कांगनुंगपर्यंत. माल्सुनबाईंनी गाडी मागं, घराकडे फिरवायला लावली. वाटेत एका थांब्यावर दोंगील म्हणाला, “पाचच मिनिटं डोळे मिटतो,” आणि स्टिअरिंगवर हात तसाच ठेवून गाढ झोपला. तोंड किंचित उघडं, कानशिलाजवळ पांढरे केस. दुपार कलली होती आणि ऊन खिडकीतून थेट त्याच्या चेहऱ्यावर पडत होतं.

माल्सुनबाई आवाज न करता उतरल्या. गाडीला वळसा घालून खिडकीपाशी, उन्हाला पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांची सावली काचेवर पडली, पण पुरेना. तेव्हा त्यांनी कोटाची बटणं सोडली आणि दोन्ही बाजू हातांनी पसरून धरल्या.

थांब्यावरचे प्रवासी उकडलेले बटाटे खात जाता-येता त्यांच्याकडे वळून बघत होते. त्या तशाच उभ्या राहिल्या. ऊन सरकलं तसं त्याही थोड्या सरकल्या.